पाटलाची चुकलेली म्हैस

"म्हस हुडकाया गेलतो, सायेब," अर्जुना म्हणाला, आणि हंबीरराव फौजदारांनी ते न लिहिताच टाक दौतीत बुडवला.

पुढचं त्यांना पाठ होतं. पाटलाची म्हैस चुकली, पाटलानं डोंगराकडं पिटाळलं, हजेरीचं मी बघतो म्हणाले. रहिमतपूरच्या बाजूच्या या गावात अकरा वर्षांत सात घरं फुटली होती, आणि सातही वेळा धरलेल्या माणसानं हीच म्हैस पुढं केली होती.

गावाबाहेरच्या वस्तीवरची माणसं इंग्रज सरकारच्या कायद्यानं जन्मापासूनच गुन्हेगार. रोज संध्याकाळी चावडीवर यायचं, दादासो पाटलांनी नाव पुकारलं की हात वर करायचा. घर फुटलं त्या दिवशी जो गैरहजर, तो चोर. इतकं सोपं काम. काल रात्री आठवं घर फुटलं, आणि हजेरीला अर्जुना नव्हता. माल कधीच हाती लागला नाही. तो सांगली संस्थानात जाऊन वितळतो, असं सगळे म्हणत. सात जण सक्तमजुरीला गेले, त्यातले दोघे आतच वारले. हंबीरराव मात्र हवालदाराचे फौजदार झाले. म्हशीची थाप या लोकांना लहानपणीच पढवतात, असं टिपण त्यांनी वर लिहून पाठवलं होतं. पुढच्या महिन्यात नाशकाला जाऊन नव्या फौजदारांना तेच शिकवायचं होतं. पहिल्या माणसाला शिक्षा झाली तेव्हा त्यांना जेवण गेलं नव्हतं. आता काही वाटत नसे. कागद पुढं आला की सही.

सहीआधी रकाने भरायचे, म्हणून त्यांनी विचारलं, या गावात कधी आलास.

"चार दिस झालं. सरकारनं खानापुराकडनं हिकडं धाडलं. अजून वस्तीत कुनाची वळख बी न्हाई."

हंबीररावांचा टाक थांबला. म्हशीचं हे तुला कुणी शिकवलं, त्यांनी विचारलं. अर्जुनाला प्रश्नच कळेना. शिकवायचं काय त्यात, तो म्हणाला. पाटील जा म्हणाले, गेलो.

ओळखदेख नसलेल्या माणसाला थाप कोण पढवणार? मग ती थाप नव्हतीच. चोरी करायची ठरली की वस्तीतल्या एकाला गैरहजर ठेवलं जात होतं. तसं ठेवू शकणारा गावात एकच माणूस होता, आणि तो शेजारीच बसून पान लावत होता. राग येईल, रडू येईल, म्हणून हंबीरराव जरा थांबले. काहीच आलं नाही.

त्यांनी अर्जुनाच्या बेड्या काढायला लावल्या. शिपायांना पाटलाच्या घराची झडती घ्यायला धाडलं. मग कोरा कागद ओढून सात जुन्या खटल्यांचे नंबर लिहिले. हे सगळे तपास मीच केले आणि ते खोटे ठरतात, असं खाली लिहून सही केली.

पाटील वाकून वाचत होते. त्यांनी आवाज खाली आणला.

"फौजदार, ह्यो कागद वर गेला तर माज्या आदी तुमची नोकरी जाईल. आवं, चोऱ्या काय तुमी केल्या व्हत्या?"

"चोऱ्या तुमी केल्या, पाटील," हंबीरराव म्हणाले. "चोर मी केलं."