शॉवरला बांधलेलं कापड

सकाळी सहा वाजता बोरगावात कमलाबाईंनी नव्या न्हाणीत पहिली अंघोळ केली. हौदाकडे वाकताना आई दोनदा पडली, म्हणून श्रेयांसनं हौद फोडून, जुन्याच फरशा वापरून स्वस्तात शॉवर बसवला होता. जैन रिवाजाप्रमाणे न गाळलेलं पाणी ती अंगावर घेत नसे, त्यामुळे शॉवरच्या तोंडाला गाळायचं कापडही त्यानंच बांधलं होतं.

"आता खूश न्हवं, आई?"

"लई ब्येस झालं. पण कापडात अडकलेलं जीव त्यांच्या पाण्यात परत सोडाय पायजेत. हौद हुता तवा तितंच सोडत हुते."

"मग आता कुठं सोडणार?"

आई शॉवरचं कापड सोडवून बाहेर गेली. चहाचा कप ठेवून श्रेयांस मागच्या दारी गेला. शॉवरला पाणी येत होतं त्या गच्चीवरच्या टाकीला शिडी लावलेली होती. एका हातात ओलं कापड धरून आई निम्म्यावर पोचली होती.