आईला हलवायचं असतं

सशाची पिल्लं दीड महिन्याची झाली होती. साधनाने पिंजऱ्यात हात घातला आणि पिल्लांना तिथेच ठेवून त्यांच्या आईला उचललं. दूध तोडायची हीच रीत. ओळखीच्या जागेत पिल्लं कमी बिथरतात. आईचं काय होतं ते कोणी विचारत नाही.

मादीला तिने गोठ्याच्या दुसऱ्या टोकाच्या पिंजऱ्यात सोडलं, पुढ्यात घास टाकला. मादीने घासाला तोंड लावलं नाही.

घरात प्रज्वल रडत होता. दहा महिन्यांचं लेकरू, सकाळपासून त्याला अंगावर घेतलं नव्हतं. साडेचारच्या बसने साधनाला पोलिसांच्या ट्रेनिंगला जायचं होतं, नऊ महिन्यांसाठी. तीन वर्षं मेडशीच्या रस्त्यावर पहाटे पळून मिळवलेली नोकरी होती ती. म्हणून सासूने, विजयमालाबाईंनी, तिला मुद्दाम गोठ्यात धाडलं होतं. त्यांच्या हातून गल्लीतल्या निम्म्या पोरांचं दूध तुटलेलं. आई समोर असली की पोर वाटीला तोंड लावत नाही, हा त्यांचा कायदा. आणि त्यावर अपील नव्हतं.

रडणं चढत गेलं. साधनाचा ड्रेस छातीशी भिजला. दोनदा ती दारापर्यंत गेली आणि दोनदा परत आली. देवा, पिऊ दे त्याला, असं ती म्हणाली. लगेच वाटलं, नको पिऊ दे. आईच पाहिजे म्हणून हटून बसू दे. बस गेली तरी चालेल.

रडणं थांबलं.

विजयमालाबाई रिकामी वाटी घेऊनच आल्या. "पेला वं! पुरी वाटी पेला. वरून हासून राह्यला गुलाम!"

"मले शोधत नव्हता, आत्याबाई?"

"नाही वं. खेळून राह्यला मस्त."

"चांगलं झालं," साधना म्हणाली. ते खरंच चांगलं होतं. तिला मात्र कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "मंग येऊ का त्याच्याजवळ? उलसाक, घडीभर?"

"आता कायले? तुले पाह्यलं का पुन्हा मांगन. सारी मेहनत पाण्यात." बोलता बोलता सासूने तोंड फिरवलं. "शेजारचा राजू फाट्यावर गाडी घेऊन उभा हाये, बसवर सोडून देईन. थांब, बॅग मी आणतो."

बॅग आली. तिच्यावर जुन्या लुगड्याची एक मऊ घडी होती.

"हे छातीशी धर. तीन-चार रोज येते असंच. मंग आटते."

साधना पाया पडली. सासूने तिला उठवून जवळ घेतलं आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

फाट्याकडे जायची वाट घराच्या मागून, खिडकीखालून होती. आत प्रज्वल एकटाच काहीबाही बडबडत होता. एक हाक मारली असती तर तो रांगत खिडकीशी आला असता.

तिच्या चपलांचा आवाज तो ओळखायचा. साधनाने चपला काढून हातात घेतल्या.