पाटीवरचं हसू

“डॉक्टरांकडे दोघांचे मिळून चोवीस हजार, आणि ही दात उजळायच्या मलमाची डबी नऊशेला,” टेलरमास्तर कटिंगच्या टेबलावर डबी आपटत म्हणाले. “दात तेच, पांढरा रंगही तोच. मग नुसतं खुर्चीत आडवं पडायचे एवढे पैसे?”

मुलीने कपाळाला हात लावला. दुकानाला नवी पाटी लागणार होती आणि तिच्यावर आईबाबांचा हसरा फोटो, चांगला दाराएवढा. कल्पना तिची, खर्चही तिच्याच पगारातून. एवढ्या मोठ्या फोटोत पिवळे दात लांबून दिसतील, म्हणून तिने दवाखान्यात दोघांची वेळसुद्धा घेऊन ठेवली होती.

“पण पैसे मी देतेय ना, बाबा?”

“कोणाचे का असेनात, वाया जायला नकोत.”

आता आई तरी आपली बाजू घेईल, असं मुलीला वाटलं. आईला स्वस्तातलं काही चालत नसे. साधं अस्तराचं कापड आणायचं तरी ती चार दुकानं पालथी घालायची. पण आई म्हणाली, “बाबांचं बरोबर आहे. घरीच करू.” बाबांचं बरोबर आहे, हे वाक्य त्या घरात बहुधा पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. मास्तरही जरा चपापले. पण आयतं मिळालेलं मत कोण परत करतो?

खरं तर पैशाचं नुसतं निमित्त होतं. मास्तरांचा समोरचा एक दात नकली होता. लग्न आठवड्यावर आलेलं असताना त्यांनी जाडजूड दोरा दाताने तोडायला घेतला आणि दोऱ्याऐवजी दातच तुटला. गुपचूप जाऊन नवा बसवून घेतला, बायकोला पत्ता लागू दिला नाही. इथवर ठीक होतं. पण गप्प बसेल तो माणूस कसला! बायकोच्या माहेरी चाळिशीतच सगळ्यांना कवळ्या, त्यामुळे मास्तरांना थट्टेला ऊत. “तुझ्या माहेरी पंगत बसली की टाळ्या वाजल्यासारखा आवाज येतो,” ते म्हणायचे आणि वर छाती फुगवायचे, “आमचे बघा, बत्तीसच्या बत्तीस अस्सल!” असं तीस वर्षं चाललेलं. आता डॉक्टरांनी बायकोदेखत तोंडात दिवा धरला असता, तर सगळी अब्रू त्या खुर्चीतच गेली असती.

दोघांनी मलम लावायला सुरुवात केली. बायको बाथरूममध्ये कडी लावून, मास्तर दुकानाच्या ट्रायल रूममध्ये पडदा ओढून. हळूहळू दात उजळू लागले. एक सोडून. हे मास्तरांना आधीच कळायला हवं होतं. सुती सदरा रंगवायला टाकला की सदरा रंग धरतो, बटणं धरत नाहीत, हे गिऱ्हाइकांना तेच तर सांगायचे. पण अडला हरी! त्यांनी त्या एका दातावर दुप्पट मलम चोपडलं. शेजारचे दोन आणखी पांढरे झाले. बटण होतं तसंच राहिलं.

मग मास्तरांनी हसणं बंद केलं. बोलणंही ओठातल्या ओठात. नवल म्हणजे बायकोचीही बडबड थांबली. ती दिवसभर टाचण्या ओठांत धरून हातशिलाई करत बसायची आणि काही विचारलं की नुसती मान हलवायची. गिऱ्हाइकांना वाटलं, दोघांचं काहीतरी बिनसलंय. मास्तरांना वाटलं, हिला संशय आलाय.

फोटोचा दिवस उजाडला. दुकानात दिवे लागले, दोघं नव्या कपड्यांत शेजारी शेजारी बसली.

“हसा!” फोटोग्राफर म्हणाला.

दोघांचे ओठ घट्ट मिटलेले.

“काका, दुकानाची पाटी आहे हो, शोकसभेची नाही.”

तरीही काही नाही. मुलीचे डोळे भरून आले. “एवढ्या हौसेने करतेय मी. नुसतं हसायलाही जमत नाही का तुम्हाला माझ्यासाठी?”

हे मात्र मास्तरांना सोसवेना. ते उठले, बायकोचा हात धरून तिला ट्रायल रूममध्ये घेऊन गेले आणि पडदा ओढला.

“हा बघ,” त्यांनी आ वासला आणि दातावर बोट ठेवलं. “हा माझा नाही. लग्नाच्या आठवडाभर आधी त्या पुलाजवळच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडून बसवून घेतलेला. आणि तोंड वर करून तुझ्या माहेराला नावं ठेवत आलो. लाज वाटते गं.”

बायकोने तोंडावर हात दाबला. मग तिचे खांदे हलू लागले. रडतेय की काय, म्हणून मास्तर घाबरले. पण तिने तोंडावरचा हात काढला आणि ती खदखदून हसली. तिच्या पांढऱ्याशुभ्र दातांत समोरचेच दोन पिवळेधमक होते.

“मीही त्यांच्याचकडे गेले होते. त्याच आठवड्यात,” ती डोळे पुसत म्हणाली. “होणाऱ्या नवऱ्याला कळलं तर काय होईल, म्हणून नुसती रडत होते. त्यांनी तुमचं नाव विचारलं. मी सांगितलं, तर पोट धरधरून हसले आणि म्हणाले, ‘पोरी, खुशाल लग्न कर. तो मुलगा जन्मात कधी तुझे दात मोजायचा नाही.’”