तीनचा डोस

तेजश्री विमानात दचकून जागी झाली, तेव्हा समोरच्या ट्रेवर काढून ठेवलेल्या तिच्या घड्याळात साडेचार वाजले होते. तिच्या लेकाच्या, ओजसच्या, फिटच्या औषधाची वेळ तीनची होती. दर आठ तासांनी म्हणजे आठच, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

"आई, उठवलं का नाही मला?" ती पर्समध्ये बाटली शोधू लागली.

"कशाला? वेळ कुठे झालीय अजून?" शेजारच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. "अगं, तू झोपलीस तेव्हा मीच तुझ्या घड्याळात टोरांटोची वेळ लावली. पडद्यावर दाखवतात ना, ती. म्हटलं, उतरल्यावर गोंधळ नको."

 मग आत्ता खरे वाजले तरी किती? मोबाईल तर कधीच बंद पडला होता. तिने पडद्याकडे पाहिलं. अजून सहा हजार आठशे किलोमीटर, आठ तास चाळीस मिनिटं. एकूण प्रवास पंधरा तास चाळीस मिनिटांचा, म्हणजे सात तास झाले. सकाळी सातला मुंबई सोडतानाच डोस दिला होता. म्हणजे आत्ता दोन. तिने बोटांवर पुन्हा मोजलं. आणि चुकलं असलं तर?

"माझ्यात बघ की," म्हणत सासूबाईंनी मनगट पुढे केलं. दोनच वाजले होते.

"तुमचं नाही बदललंत?"

"माझं कशाला? मला महिन्याभरात परत जायचंय."

तेजश्रीने त्यांचं मनगट हातात धरलं. तीन वाजेपर्यंत तिने ते मनगट सोडलं नाही.