उजवा आंगठा

आंजी गावच्या पंचफुलेचे दोन्ही हात कापूस वेचून वेचून भेगाळले होते. पण सुनेला, मेघाला, पुळका आला तो फक्त उजव्या आंगठ्याचा. रोज सकाळी ती तो कोमट पाण्यात बुडवायची, हलकेच टिपायची आणि ओलसर असतानाच मलम चोळायची.

"आतला ओलावा उडाले नाई पाह्यजे, आई. मंग कातडी नरम राह्यते."

"अन् डाव्या आंगठ्यानं काय पाप केलं वं?"

मेघानं नजर चुकवली. "सोमवारी वर्धेले जाचं आहे."

पंचफुला समजायचं ते समजली. तीन एकर वावर तिच्या नावावर होतं. शेजारच्या जिजाचा आंगठा तिच्या दिरानं असाच गोड बोलून कागदावर घेतला होता.

सोमवारी न्हाणीत शिरली, तशी तिनं आंगठा दगडावर घासघास घासला.

ऑफिसातल्या यंत्रावर तो तीनदा ठेवला. तिन्ही वेळा लाल दिवा लागला. पंचफुला मनातल्या मनात म्हणाली, घे आता वावर!

मेघा शेवटी बोलून गेली. "आई, मागच्या साली भेगांनं आंगठा उमटला नाई, म्हून पेन्शनच्या कागदावर तुमाले मेलेलं दाखवलं. आज जिवंत करून घ्याचं होतं. तुमाले सांगाले जीभच नाई रेटली."

पंचफुलेनं उजवा हात पदराखाली लपवला आणि भेगाळलेला डावा आंगठा साहेबापुढे धरला.

"हा चालते का, बाबू?"