निळ्या गाडीचे ब्रेक

"उद्या घाट उतरणार म्हणतेस, आणि हे असले ब्रेक घेऊन?" बाबांनी चाकाच्या फटीतून आत डोकावून पाहिलं. "पॅड आहेत की चहात पडलेलं बिस्कीट?"

"म्हणून तर तुमच्याकडे आले," लेक म्हणाली.

"कामाशिवाय कोण येतंय म्हाताऱ्याकडे!"

बोलणं तिखट होतं, पण बोलता बोलता त्यांनी बाह्या सरसावल्या होत्या. ती सकाळच्या बसने आली होती आणि आल्यापासून याच क्षणाची वाट बघत होती. आई गेली आणि बाबांचं बोलणंच आटलं. जन्मभर गॅरेज चालवलेला माणूस दिवस दिवस खिडकीशी बसून राहायचा; जेवण झालं की नाही, हेही त्याच्या ध्यानात नसायचं. निदान हातांना तरी सगळं आठवतंय ना, एवढंच तिला बघायचं होतं. तेही गेलं तर बाबा गेल्यातच जमा, असं तिला वाटे.

शेडच्या पत्र्याला पडलेल्या भोकांतून उन्हाचे कवडसे खाली उतरले होते. त्यांत धूळ तरंगत होती, इतकी सावकाश की दुपारला पुढे सरकायचंच नव्हतं जणू. निळी गाडी त्या उजेडात डुलकी काढत उभी होती. मागच्या चाकांपाशी गवत वाढलं होतं. बॅटरीची सुटी केलेली वायर भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती. बाबांची नजर त्या खिळ्यावर जराशी थांबली आणि पान्याकडे वळली.

"आधी नट ढिले करायचे, मग जॅक लावायचा. उलटं केलंस तर चाक नुसतं गरागरा फिरत बसतं. तुझ्या धाकट्या काकासारखं. फिरणं भरपूर, काम शून्य."

हा विनोद येणार हे तिला ठाऊक होतं, तरी ती पोटभर हसली.

नट गोडीगुलाबीने निघाले. जॅकवर गाडी उचलली गेली, खाली लोखंडी घोडीचा टेकू बसला, चाक बाजूला झालं. बाबांनी डिस्कला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर सोडवला आणि तारेने वर बांधून ठेवला.

"याला ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळू द्यायचं नाही. माणूस असो की कॅलिपर, नाजूक जागी भार टाकू नये."

मग त्यांनी गंजलेली डिस्क दोन्ही हातांनी धरली. ती लगेच सुटून आली.

"एरवी हिला हातोडीने समजवावं लागतं," ते म्हणाले. "आज मोठी शहाण्यासारखी आली."

नव्या डिस्कचं खोकं तिने पाठीमागे धरलं होतं.

"आणि ते काय लपवतेस? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आण इकडे."

खोक्याचे कोपरे मऊ पडले होते. नव्या डिस्कला तेल लावलेलं असतं, ते पुसल्याशिवाय डिस्क बसवायची नाही, असं तिला बजावून बाबा त्या कोरड्या, लख्ख डिस्कवरून फडकं फिरवत राहिले. फिरवता फिरवता गुणगुणू लागले. कपड्यांच्या घड्या घालताना आई गुणगुणायची तीच चाल. लेकीने डोळे मिटून घेतले. क्षणभर तिला वाटलं, आई आतल्या खोलीत आहे आणि आता हाक मारेल. मग बाबांनी क्लॅम्प मागितला, आणि तिने तो त्यांच्या हातात दिला.

क्लॅम्पने दाबून कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलला गेला, नवे पॅड बसले. मग दुसरं चाक. हात कुठेच अडखळले नाहीत. तिचा जीव भांड्यात पडला.

"आता आत बस आणि पेडल दाब. आधी थेट तळाला जाईल, घाबरू नकोस. पिस्टन आपण मागे लोटलाय, तो जागेवर येईपर्यंत दाबत राहायचं. हे जो विसरतो, तो पहिल्याच वळणावर थेट वर पोचतो."

तिने दाबलं. पाय पोकळीत गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा. हळूहळू पायाखाली काहीतरी भरून आल्यासारखं झालं.

"आलं," ती म्हणाली.

"येतंच. धीर धरून दाबत राहिलं की येतंच."

हात धुऊन बाबा पोटभर जेवले. गॅरेजमधल्या एका भांडकुदळ गिऱ्हाइकाची गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली आणि शेडला लागून असलेल्या खोलीत, खिडकीखालच्या खाटेवर आडवे झाले. जरा वेळाने त्यांचा श्वास संथ झाला.

तिने दार हळूच लोटलं, शेडमध्ये आली आणि जॅक पुन्हा लावला. नव्या डिस्क काढून, पुसून खोक्यात ठेवल्या. पोत्याखाली दडवलेल्या गंजक्या डिस्क आणि झिजलेले पॅड परत जागच्या जागी बसवले.

उद्या ती कुठलाच घाट उतरणार नव्हती. गाडी कित्येक महिन्यांत जागची हलली नव्हती. एका रविवारी तिने बाबांकडून खरोखरच ब्रेक बदलून घेतले होते, आणि त्या दिवशी ते बोलले होते, हसले होते. पुढच्या रविवारी त्यांनीच विचारलं, "ब्रेक बघितलेस का गं गाडीचे?" ते सगळं विसरून गेले होते. ती आधी रडली, मग तिला त्यातच वाट दिसली. पूर्वी ती जमेल तशी यायची, आणि जमायचं क्वचितच. त्यानंतर मात्र तिने एकही रविवार चुकवला नव्हता.

आपण बापाला फसवतोय ही टोचणी दर रविवारचीच होती. ती गिळून तिने पाना नटावर चढवला आणि सगळं वजन टाकून आवळला. पाना करकरला.

"अगं, हलक्या हाताने," खिडकीतून बाबांचा आवाज आला. त्यात झोपेचा मागमूसही नव्हता. "पुढच्या रविवारी ते मलाच सोडवायचेत."