कळसावरचा झेंडा

अरे, नुसतं ऐक. चोपड्याजवळच्या धरणात मासेमारी करणाऱ्या नवलचं जुनं गाव बुडालेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस वीतभर पाण्याखाली राहतो, गाळामुळे दिसत नाही. होडी आपटू नये म्हणून तिथं लाल झेंडा बांधायचा मान नवलच्या घरचा. यंदा कुंदन नावाच्या एकानं पर्यटकांना फिरवायला तिथं वॉटर स्कूटर आणल्या. परवा त्यानं झेंडा उपटला आणि लोकांसमोर नवलच्या तोंडावर फेकला. “तठे कळस शे, भाऊ,” नवल म्हणाला. “जाळी वाचवायला देवाला मधे घालतो का रे?” कुंदन हसला. “तुझं गाव बुडालं. आता पाणी आमचं.” किनाऱ्यावरची पोरं टाळ्या पिटू लागली. कळसावरूनच जाऊन दाखवतो म्हणत त्यानं स्कूटर सुसाट सोडली. आवाजात हाक ऐकू जाणार नव्हती, झेंडा मात्र लांबून दिसला असता. ओला झेंडा नवलच्या मुठीतच होता. तू हलवला असतास?